मोटर झकास, पंक्चर काढायला कुणी तयार नाही: सायकलला किट बसवल्यानंतरचा अनुभव

आधी तक्रार, कौतुक नंतर. जुन्या सायकलला मागच्या चाकात मोटर बसवायचा विचार असेल तर विकणाऱ्याला रेंज किती, टॉप स्पीड किती हे विचारण्यात वेळ घालवू नका. ती उत्तरं सगळे एकाच सुरात देतात. विचारायचं एवढंच: मोटरमधून निघणाऱ्या वायरला चाकापासून वीतभर अंतरावर सोडता येणारा जोड आहे का? नसेल तर फोन ठेवून द्या.

माझी सायकल लोखंडी फ्रेमची, २६ इंची, सात गिअरची. मुलाने दहावीनंतर हात लावला नव्हता, गॅलरीत धूळ खात होती. गेल्या दिवाळीत तिला ३६ व्होल्ट २५० वॅटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी, तिचे गिअर तिच्या आतच) आणि १० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवली. किट, बॅटरी, चार्जर मिळून चोवीस हजार. बसवणावळ शून्य, कारण बसवली मी आणि मदतीला मुलगा, तोही मोबाईल हातात धरून. रूट पुण्यातला, धनकवडी ते शिवाजीनगर. जाताना सातारा रस्त्याने स्वारगेटपर्यंत उतारच उतार, येताना तोच उतार चढ होऊन छातीवर बसतो. पद्मावतीपासून पुढे जो साध्या सायकलने रोज चढला असेल त्यालाच मोटर कशाला लागते ते कळेल.

आणि मोटरबद्दल खरंच तक्रार नाही. २५० वॅट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की माझा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज जायची ते ठरवणारी डबी, जास्तीत जास्त १४ अँपिअर सोडतो, म्हणजे चढावर बॅटरीतून काही वेळ ५०० वॅटच्या आसपास ओढले जातात. बाकी मी पायडल मारतो. हब मोटरला सायकलच्या गिअरचा काही उपयोग नसतो, ती थेट चाक फिरवते, त्यामुळे चढावर वेग फार पडला की ती नुसती तापते. म्हणून चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाकायचा, पाय चालू ठेवायचे आणि वेग दहा-बाराच्या खाली जाऊ द्यायचा नाही. बालाजीनगरपर्यंत घाम येतो, पण शर्ट पिळावा लागत नाही. मला एवढंच हवं होतं. आरटीओचीही भानगड नाही: मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन लागत नाही, लायसन्स लागत नाही. हजार वॅटचं किट "फक्त नंबर नसतो हो साहेब" म्हणून विकतात, त्यांच्या नादी लागू नका.

आता पंक्चर.

पहिलं पंक्चर झालं ते टिळक रोडवर, ऑफिसला जाताना, अर्थात मागचं चाक. ढकलत ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने हबकडे पाहिलं, जाड काळ्या वायरकडे पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "काका, हे मोटरवालं आहे. आपण नाही खोलत. वायर तुटली तर तुम्ही माझ्यावर याल." मी म्हटलं, मी खोलतो, तू फक्त पॅच मार. तेही नाही. पुढच्या दुकानात १८ नंबरचा पानाच नव्हता. साध्या सायकलचा नट १५ चा, याचा १८ चा. तिसऱ्याने चाक काढायची तयारी दाखवली आणि मग वायर बघून विचारलं, "ही जाते कुठं?"

तोच तर प्रश्न. माझ्या किटमध्ये मोटरची वायर ॲक्सलच्या पोकळीतून निघून फ्रेमला चिकटत चिकटत थेट सीटखालच्या कंट्रोलरच्या डबीत जायची. मध्ये कुठेही जोड नाही. आत आठ वायरी: तीन जाड, मोटरच्या, आणि पाच बारीक, हॉल सेन्सरच्या (मोटर फिरताना कुठे आहे ते कंट्रोलरला कळवणारे). म्हणजे चाक काढायचं तर फ्रेमवरचे सगळे झिप टाय कापा, डबी उघडा, जोड सुटे करा, त्यांचे रंग लक्षात ठेवा, वॉशर कुठला आत आणि कुठला बाहेर ते लक्षात ठेवा, आणि मग चाक खाचेतून खाली घ्या. वर टॉर्क आर्म. ती पट्टी लावलीच पाहिजे, नाहीतर जोर लागला की ॲक्सल खाचेत फिरतो आणि वायरींना पीळ बसून त्या तुटतात. पण तिचाही एक बोल्ट वाढतोच. स्कूटरचं पंक्चर दहा मिनिटांत निघतं. माझं त्या दिवशी टेम्पोने घरी आलं.

विकणाऱ्याला फोन केला. "सर, व्हिडिओ पाठवतो." व्हिडिओत एक मुलगा टेबलावर सुटी मोटर ठेवून ती किती सायलेंट आहे ते दाखवत होता. पुन्हा फोन. "सर, तुम्ही कंट्रोलरची डबी उघडली तर वॉरंटी राहत नाही." म्हणजे पंक्चर काढायचं तर डबी उघडावी लागते, आणि डबी उघडली तर वॉरंटी संपते. एक वर्षाची वॉरंटी आणि तोवर टायरमध्ये खिळा जाता कामा नये, असं बिलावर छापा म्हटलं. त्यावर "सीनियरशी बोलून सांगतो" आणि मग आठवडाभर शांतता. मीही पुण्याचाच आहे, रोज साडेदहाला फोन लावत गेलो. शेवटी त्यांनी मधल्या जोडाची नऊ पिनची एक्स्टेन्शन वायर दिली. फुकट नाही, साडेतीनशे रुपये घेऊन, आणि वर कुरिअर माझंच. म्हणजे ती वायर त्यांच्याकडे होती. बारीक गोल जोड, बाण बाणासमोर धरून दाबला की बसतो, ओढला की सुटतो, पाणी आत जात नाही. हीच वायर पहिल्या दिवशी डब्यात टाकली असती तर हा मजकूर निम्म्यात संपला असता.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं की मोटर पुढच्याच चाकात हवी. पुढचं चाक काढणं सोपं, चेन नाही, गिअर नाही. तसं मी दोघा-तिघांना सांगूनही बसलो. पण नंतर एका ओळखीच्या माणसाची पुढच्या मोटरची सायकल चालवून पाहिली. पावसात शंकर महाराज उड्डाणपुलाच्या चढावर थ्रॉटल दिला की पुढचं चाक जागच्या जागी घसरतं, कारण चढावर सगळा भार मागे असतो. शिवाय आजकालच्या सायकलींना पुढे शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात आणि त्यांचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, खालच्या टोकाला बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा. मोटरचा जोर तिथे द्यायला माझी छाती होणार नाही. चिमटा लोखंडी असेल आणि रस्ता सपाट असेल, समजा नदीकाठच्या पेठांमधून फिरायचं असेल, तर पुढची चालेल. सातारा रस्त्याला मागचीच.

दुसरा बदल त्याहून मोठा. पंक्चरं पुन्हा पुन्हा होत राहिली, आणि ट्यूब घरी बादलीत बुडवून नीट पाहिली तेव्हा भोकं जोडीने दिसली, शेजारी शेजारी, दोन समांतर चिरा. काटा किंवा खिळा असा दोन ठिकाणी टोचत नाही. ही ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चेचली जात होती. हिशेब साधा आहे: मोटर तीन-चार किलो मागच्या चाकात, बॅटरी कॅरिअरवर म्हणजे तीही मागच्या चाकावर, माझं वजन बहुतेक मागच्याच चाकावर, आणि वेग साध्या सायकलच्या दीडपट. त्यात आपले स्पीडब्रेकर, ज्यांना ना पांढरे पट्टे ना ठरलेली उंची. हवा जरा कमी असली की झालं.

तेव्हा बॅटरी कॅरिअरवरून काढून फ्रेमच्या तिरप्या नळीवर, बाटली ठेवतात त्या जागी घेतली. त्यासाठी क्लॅम्प आणि जाड वायर तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिकल बाजारातून आणली. फ्रेमला भोक पाडायचं नाही, हे मात्र पथ्य. सायकल एकदम अंगाला आली. आधी स्टँडवरून काढताना मागे ओढायची, वळणावर मागचा भाग हलायचा, ते सगळं बंद. शिवाय हवेचा पंप घेतला, दाब दाखवणारा काटा असलेला, आणि दर सोमवारी टायरवर छापलेल्या आकड्याच्या जवळपास हवा भरतो. बोटाने दाबून "आहे की" म्हणणं या सायकलला चालत नाही. टायरच्या आत जुनी ट्यूब उभी कापून अस्तरासारखी घातली, आपल्याकडचा जुनाच जुगाड, खर्च शून्य. पाच मिलीमीटर जाड संरक्षक थर असलेला श्वाल्बे मॅरेथॉन प्लस सगळे सुचवतात, टायर चांगलाच असणार, पण दोन टायरच्या पैशात जवळजवळ साधी सायकल येते. मी अस्तरावर खूश आहे. जोडीची भोकं तेव्हापासून बंद.

आणि गंमत म्हणजे सध्याचा पंक्चरवाला, पद्मावतीचा, चाक काढतच नाही. सायकल आडवी घालतो, टायरची एकच बाजू पट्टीने रिमवरून उतरवतो, ट्यूब चाकात असतानाच बाहेर खेचतो, हवा भरून गालाजवळ धरतो. कुठून वारा लागतो ते गालाला कळतं, पाणीही लागत नाही. कानशीने घासलं, सोल्यूशन, पॅच, हातोडीचे दोन ठोके, आत. मोटरला हातसुद्धा नाही लागला. मग पहिल्या तिघांनी हेच का नाही केलं? वायर बघूनच घाबरले. चाक काढावं लागतं ते फक्त ट्यूब पूर्ण बदलताना. त्यासाठी गोल न जोडलेली, दोन्ही टोकं बंद असलेली ट्यूबही असते, ती चाक न काढता गुंडाळून बसवता येते. मला पुण्यात दुकानात मिळाली नाही.

म्हणजे तुम्ही म्हणाल, मग एवढा आरडाओरडा कशासाठी. तर यासाठी, की सायकल ऑफिसला जायला घेतली आहे. नऊच्या मीटिंगला पोहोचणार की नाही हे मोटर किती न्यूटन-मीटर जोर देते यावर ठरत नाही.

बाकीचं थोडक्यात. पायडल सेन्सर कामचलाऊ आहे. पाय फिरायला लागल्यावर क्षणभराने मोटर उठते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. स्वारगेटच्या गर्दीत समोर पीएमपीची बस असताना तो क्षण फार मोठा वाटतो. म्हणून ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर किटमध्ये असतात, ते "नंतर लावू" म्हणून डब्यात ठेवू नका. पावसाळ्यात कंट्रोलर वाचला, कारण डबीची तोंडं खाली केली आणि प्रत्येक वायरला आत शिरण्याआधी खाली एक झोळ दिला, पाणी तिथूनच गळून जातं. "वॉटरप्रूफ" या शब्दावर मी विसंबलो नव्हतो. चार्जर ४२ व्होल्ट २ अँपिअरचा, रिकाम्या बॅटरीला पाच तास. मी ऑफिसात चार्ज करत नाही. तिथे विचारलं होतं, प्रशासनाने फाईल उघडली.

पैशाचा हिशेब. बॅटरी ३६० वॅट-अवर, चार्जरची गळती धरून भिंतीतून ०.४२ युनिटच्या आसपास, म्हणजे पूर्ण चार्ज सुमारे चार रुपयांचा. जाऊन येऊन सतरा किलोमीटरला तेवढाही लागत नाही. स्कूटरला याच अंतराला पेट्रोलचे चाळीसेक रुपये जायचे. दिवसाला पस्तीस-छत्तीस रुपये वाचतात असं धरलं तर चोवीस हजार फिटायला सातशेच्या घरात कामाचे दिवस, अडीच-पावणेतीन वर्षं. लिथियम बॅटरी साधारण पाचशे पूर्ण चार्जनंतर उतरायला लागते, मी रोज दोन-तृतीयांश वापरतो, म्हणजे तीही तेवढेच दिवस. हे बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पैसे फिटतील त्या दिवशी नवीन बॅटरी." यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, फक्त स्कूटरची सर्व्हिसिंग आणि इन्शुरन्स मी त्यात धरला नव्हता एवढंच. पोट दोन बोटं आत गेलंय, ते कुठल्या खात्यात टाकायचं?

आता नवीन उद्योग सुरू झाला आहे: मागच्या चाकाचे आरे तुटू लागलेत, तेही नेहमी चेनच्या बाजूचे. मोटरचा हब मोठा, त्यामुळे आरे नेहमीपेक्षा आखूड लागतात आणि जाडही. सायकलच्या दुकानात या लांबीचे नसतात, नाना पेठेतही दोन ठिकाणी "ऑर्डर द्या, शंभर नग घ्या" म्हणाले. मला दहा हवेत. पुण्यात कुणी आरा कापून त्याला आटे पाडून देत असेल तर नक्की कळवा, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, मी स्वतः काढून घेईन.