बंद जिनिंगच्या जागेची माती तपासायची, पण पैसा ग्रामपंचायतीचा की जिल्ह्याचा?

तापीकाठच्या बऱ्याच गावांत कापसाची एखादी बंद पडलेली जिनिंग असते. मागे कधीतरी तिथे भंगारवाल्याने बॅटऱ्या फोडलेल्या असतात, नंतर उकिरडा झालेला असतो आणि आता पोरांना तिथेच मैदान हवं असतं. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर आहे आणि माती-पाणी तपासल्याशिवाय पोरं तिथे सोडायची नाहीत, एवढं तुमचं ठरलंय असं धरतो. खर्च कुठून काढायचा, एवढंच बोलू. ग्रामपंचायत सदस्य असताना मी दोन्हीकडे हात घालून बघितला.

जिल्हा वार्षिक योजनेतली ‘नावीन्यपूर्ण योजना’ वाचली की वाटतं, ही आपल्यासाठीच काढलीय. रक्कम मोठी असू शकते. ती मंजूर करणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी, त्यामुळे कामाला वजनही येतं.

माझं घोडं अडलं ते अंदाजपत्रकापाशी. प्रस्तावाला अंदाजपत्रक हवं, त्याला तांत्रिक मान्यता हवी आणि मान्यता द्यायची तर अभियंता दरसूची, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांची यादी, उघडणार. तिच्यात खोदाई आहे, मुरूम आहे, पेव्हर ब्लॉक आहे. मातीतलं शिसं मोजायचा दर मात्र मला कोणी दाखवू शकलं नाही. एका कार्यालयातून फाइल परत यायची ती एकाच शेऱ्यानिशी: बांधकामाचा तपशील जोडावा. अहो, तिथे काय बांधता येईल हे कळावं म्हणूनच तर तपासणी! साहेब मान डोलवायचे, चहा पाजायचे आणि शेरा तोच. शेवटी एका भल्या कारकुनाने कानात सांगितलं, ‘आप्पा, वॉल कंपाउंड घाला त्यात, फाइल पळेल.’ पळालीही असती. पण खाली काय गाडलंय ते न बघता भिंतीचा पाया खणायचा, हे काही माझ्या गळी उतरेना. तुमच्याकडचे अधिकारी अधिक समजूतदार असतील, नाही असं नाही.

ग्रामपंचायतीचा पैसा त्या मानाने किरकोळ. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून ठेवला, ४० टक्के अबंधित. पगार आणि आस्थापनेवर तो खर्चायचा नव्हता. बाकी गावाची गरज बघून ठरवायचं. महाराष्ट्रात यातला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला यायचा. आम्ही गावाच्या विकास आराखड्यात तपासणीची एक ओळ घातली, ग्रामसभेत मंजूर केली, भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, ती ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवली आणि प्रयोगशाळांकडून दरपत्रकं मागवली. दरसूची कोणी विचारली नाही. गटारीसाठी अडून बसलेले सदस्य मात्र महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. आता पुढच्या आयोगाच्या पैशाचे निकष भाऊसाहेबांकडून आधी बघून घ्या.

थोड्या पैशात भागतं, त्याला कारण आपली काळी माती. चिकणमाती शिशाला धरून ठेवते, त्यामुळे ते बहुतेक वरच्या थरातच सापडतं. धूळ उडते आणि पोरांच्या हातातोंडाला लागते, भीती तिचीच. फक्त आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरचं खाली उतरतं. म्हणून काही नमुने खोलातलेही घ्या आणि शेजारच्या विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासा. गावातल्या पाणी तपासायच्या किटवर विसंबू नका, तिच्यात शिसं कळत नाही.

तिसरी वाटही आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि दूषित करणारा सापडला तर खर्च त्याच्याकडून. जागेत रसायनाची पिंपं निघाली किंवा विहिरीच्या पाण्याला रंग आला, तर गावाचा एक पैसाही न घालवता थेट मंडळाकडे जा. पण निव्वळ कचरा डेपो या नियमांत बसत नाही. घातक द्रव्यं मर्यादेबाहेर मिसळलेली असतील तरच बसतो. चोपडा, शहादा अशा नगरपरिषदांना जुन्या कचऱ्यासाठी स्वच्छ भारत अभियान (शहरी) २.० आहे. १ लाखाखालच्या शहरांना त्यात केंद्राचा वाटा ५० टक्के, पण तो मुख्यतः कचरा उपसून चाळण्यासाठी.

आमच्या अहवालात बॅटऱ्या फोडायच्या कोपऱ्यात शिसं निघालं, बाकीची जागा चांगली होती. तो कोपरा कुंपण घालून सोडला आणि उरलेल्या मैदानाचा प्रस्ताव जिल्हा योजनेकडेच पाठवला. त्यात बांधकाम होतं, दरसूची होती, वर आमचा अहवाल जोडलेला. ती फाइल एकदाही परत आली नाही.