चाकणमधलं प्लेसमेंट ऑफिस, माझा अनुभव (५ पैकी २ स्टार)

२ स्टार देतोय ते पण एकाच गोष्टीसाठी, काम खरंच दुसऱ्या दिवशी लावून दिलं. नाव टाकत नाही, उगाच लफडं नको. चाकणला अशी ऑफिसं ढिगाने आहेत, त्यातलंच एक समजा.

मी परभणीचा, आयटीआय फिटर, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. म्हणून गेल्या गेल्याच सांगितलं होतं की दादा मला आठ तासाचीच ड्युटी पाहिजे, संध्याकाळी ग्राउंड असतं. ऑफिसातला माणूस बोलला टेन्शन नको घेऊ भावा, सात ते साडेतीन, हातात साडेअठरा हजार, बस कंपनीची. रजिस्ट्रेशनचे १५०० घेतले, पावती नाही.

पहिल्या दिवशी साडेतीन वाजले, मी हात धुऊन बॅग उचलली तर लाइनवरचं कोणी हललंच नाही. गेटवर आलो तर बस नाही. सिक्युरिटीवाले काका हसायला लागले, म्हणले नवीन दिसतो, अरे गाडी साडेसातलाच लागते. म्हणजे साडेतीनला इथं कोणी सुटतच नाही तर गाडी कशाला लावतील! सुपरवायजर म्हणतो ओटी (ओव्हरटाइम) कंपल्सरी आहे, तुझ्या कन्सल्टंटनी सांगितलं नाही का. त्याला फोन लावला तर म्हणे चार दिवस काढ, लोड कमी होईल.

चार दिवसाचे नऊ झाले. साडेसातला सुटून चाकणच्या ट्रॅफिकमधून रूमवर पोहोचायला पावणेनऊ, मेसमध्ये तोवर भाजी संपून नुसतं वरण उरलेलं, आणि रनिंगचे शूज बॅगेतून बाहेरच निघाले नाहीत.

खरी गंमत पुढंच आहे. सहाव्या दिवशी शेजारच्या मशीनवरच्या दादाची पगार स्लिप बघितली. रोज ५२०, २६ दिवसाचे १३,५२०. त्यावर रोजची चार तास ओटी, ६५ रुपये तासाने म्हणजे सिंगल रेट (नेहमीच्या तासाचाच दर), ६,७६०. पीएफ-ईएसआयसी कापून बरोबर साडेअठरा! म्हणजे ऑफिसात बसून त्यानं मला जो आकडा सांगितला तो बारा तासाचाच होता आणि वर तोंड करून आठ तास बोलला. ओटी धरली नाही तर हातात बारा हजार पण येत नाहीत. आणि कायद्याने ओटी डबलने द्यायची असते, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासून. चार तास डबलने म्हणजे आठ तासाचे पैसे, म्हणजे महिन्याला अजून एक अख्खा १३,५२०. निम्मे कुठं जातात देव जाणे.

सुपरवायजरला हे विचारलं तर म्हणतो आता सरकारनीच बारा तास केलेत. अरे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानी बारा तासाला मंजुरी दिली तेव्हा कामगाराची लेखी संमती पाहिजे असं पण होतं की त्यात, माझी सही कुठंय? त्यावर म्हणतो, जास्त शिकलेला दिसतोस.

नवव्या दिवशी साडेतीनला पंच आउट केलं, आयकार्ड काकांकडं दिलं आणि हायवेपर्यंत चालत आलो. घरी सांगायला जीवावर आलं होतं, पण आई म्हणली बरं केलंस.

आता ऑफिसबद्दल. मुलं वागायला गोड आहेत, कागदपत्रं पटापट करतात, रूम पण बघून देतात. पण फी परत मागितली तर म्हणे सात दिवसात सोडलं असतं तर मिळाली असती. हे घेताना बोलला नव्हता. नऊ दिवसाचा पगार पुढच्या महिन्यात आला, सेफ्टी शूजचे पैसे कापून, आणि ओटी सिंगलनीच.

तिथं गेलातच तर पगार किती विचारू नका, ओटी सोडून किती ते विचारा. आणि साडेतीनला बस आहे का ते पण विचारा. त्या १५०० साठी आता सोमवारी ये म्हणलाय, हा तिसरा सोमवार.