ब्रॉडबँड जोडणी: घेताना सांगितले एक, तोडताना निघाले दुसरेच

घरी आलेल्या विक्री प्रतिनिधीने सेकंदाला १०० मेगाबिटचा वेग, अमर्याद वापर, मोफत राउटर आणि जोडणी कधीही बंद करण्याची मुभा, अशी आश्वासने तोंडी दिली होती. त्यांतले एकही खरे ठरले नाही. सही टॅबलेटवर घेतली गेली आणि ज्या करारावर ती घेतली, तो जोडणी सुरू झाल्यानंतर ईमेलने आला.

संध्याकाळ झाली की व्हिडिओ अडकू लागत, आणि ग्राहकसेवा दरवेळी वायफायला दोष देई. भिंती आणि अंतर यांमुळे वायफायचा वेग घटतो हे खरेच आहे, आणि म्हणूनच ही सबब कंपन्यांना इतकी सोयीची वाटते. ती खोडून काढायची असेल, तर संगणक केबलने थेट राउटरला जोडून, बाकीची उपकरणे बंद ठेवून, पहाटे आणि रात्रीच्या गर्दीच्या वेळी वेग मोजावा आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. पहाटे मिळणारा वेग रात्री कोसळत असेल, तर एकाच क्षमतेवर जास्त ग्राहक जोडले गेल्याची शक्यता अधिक असते. आमच्याकडे नेमके हेच दिसले. (१०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, फाइल उतरवताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये असतो, त्यावरून तक्रार केल्यास ती तिथेच निकालात निघते.)

करारात वेगाची फक्त कमाल मर्यादा होती, किमान वेगाचा उल्लेखही नव्हता. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमानुसार घरगुती जोडणीच्या करारात किमान, सामान्यतः मिळणारा, कमाल आणि जाहिरातीतला असे चारही वेग लिहावे लागतात, आणि वेगात सतत किंवा वारंवार मोठी तफावत आढळली तर ग्राहकाला कोणते उपाय उपलब्ध आहेत तेही सांगावे लागते. आपल्याकडे नियम कोणताही असो, सही करण्यापूर्वी हे आकडे लेखी मागायला कोणाची आडकाठी नसते. अमर्याद वापराचे म्हणाल, तर ठरावीक डेटा संपल्यावर वेग नाममात्र करण्याचे कलम करारात बारीक अक्षरांत होते.

सर्वांत जास्त मनस्ताप तक्रारींनी दिला. फोनवरच्या तक्रारींना क्रमांक मिळत नसे, आणि मिळालाच तर काहीही दुरुस्त न होता ‘निराकरण झाले’ असा संदेश येई. त्यानंतर प्रत्येक संभाषणाचा सारांश त्याच दिवशी ईमेलने पाठवला आणि कंपनीच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अपील केले, कारण नियामकाकडे किंवा ग्राहक न्यायालयात जाताना आधी कंपनीकडे दाद मागितल्याचा पुरावा कामी येतो.

जोडणी बंद करण्याचा अर्ज दिला, तेव्हा कराराच्या उरलेल्या मुदतीचे शुल्क आणि ‘मोफत’ राउटरची किंमत मागण्यात आली. वेगाच्या नोंदी जोडून सेवेतील त्रुटीचा मुद्दा लेखी मांडल्यावर मुदतीचे शुल्क मागे घेतले गेले. जोडणीच्या वेळी भरलेले शुल्क मात्र परत मिळाले नाही. राउटर परत देताना त्याच्या अनुक्रमांकासह पोच आवर्जून घ्यावी आणि बँकेला दिलेली आपोआप बिल भरण्याची सूचनाही स्वतःच रद्द करावी, कारण बंद झालेल्या जोडणीचे पुढचे बिल आमच्या खात्यातून परस्पर वळते झाले होते.