पहिल्या पिढीची स्प्लेंडर घरी बांधली: दिवाळी ते पोळा, काळ्या मातीतला अनुभव

गाडी हीरो होंडा स्प्लेंडर, १९९४ साली आलेल्या पहिल्या मॉडेलची. ९७.२ सीसी, चार गिअर. वापर यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला: रोज वावर, आठवडी बाजार, मागे कधी डीएपी खताची ५० किलोची बॅग तर कधी फवारणीचा पंप. इंजिन पूर्ण खोलून बांधलं, चेसिस रंगवली, वायरिंग नवी टाकली. दिवाळीनंतर गाडी रस्त्यावर आली. तुरीच्या मळणीची धूळ, मे महिन्याची ४५ अंशांची तपन आणि पेरणीतला पांदणीचा चिखल यांतून ती गेली आहे, त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही हे आता ठामपणे लिहिता येतं. आपल्याकडे गाडी म्हातारपणाने कमी आणि आत शिरलेल्या मातीने जास्त मरते. माती जिथून शिरते तिथे आधी पैसा लावा, रंग-क्रोमचं नंतर बघा.

इंजिन खोलण्याआधी रोग ओळखा. रेस दिल्यावर निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्या भोकात चालतो ते) झिजलेले असतात. सकाळी पहिल्या किकला किंवा उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर निळा भपका येत असेल तर वॉल्वचे तेल अडवणारे सील आणि वॉल्व ज्या नळीत सरकतो ते गाइड बघायचे. थंडीत पहिली दोन मिनिटं दिसणारा पांढरा धूर नुसती वाफ असते, त्यासाठी इंजिन उघडू नका. किक मारताना इंजिनातला दाब (कॉम्प्रेशन) कमी वाटला तर प्लग काढून भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल टाका, चार-पाच किका मारा आणि पुन्हा तपासा. दाब वाढला तर दोष रिंगांचा. होता तसाच राहिला तर वॉल्व बसत नाहीयेत. या तपासणीने अर्ध्या गाड्यांचं काम नुसत्या हेडवर (वॉल्व असतात तो इंजिनाचा वरचा भाग) निभतं.

बोअर करायचाच, म्हणजे ते भोक कापून मोठं करायचंच, असेल तर पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत (बोअर असतो तो भाग) तोच लेथवर द्या. मूळ बोअर ५० मिमीचा, त्यावर ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी असे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात. पिस्टन आणि ब्लॉकमध्ये ०.०१ ते ०.०४ मिमीची मोकळीक हवी. पिस्टन समोर नसताना ‘अंदाजाने’ केलेला बोअर उन्हाळ्यात दगा देतो: घट्ट राहिला तर चढावर इंजिन जाम, सैल राहिला तर पिस्टनचा खडखडाट. होनिंगच्या, म्हणजे बोअर दगडाने घासल्याच्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत, तेल त्यांतच धरून राहतं. ब्लॉक गुळगुळीत चमकत असेल तर परत करा. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, ०.१ ते ०.३ मिमी चालते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि नवं इंजिन लवकर खराब होतं ते तिथेच. बोअर केलेला ब्लॉक पेट्रोलने धुतला तर होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांमध्ये तशीच बसून राहते. कपड्याचा साबण, कोमट पाणी आणि ब्रश घ्या, दोन-तीनदा घासा, लगेच पुसून तेल लावा. मग तेलात बुडवलेलं पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवा. फडक्यावर करडी छटा आली की पुन्हा धुवा. फडकं पांढरंच बाहेर आलं की ब्लॉक बसवायला तयार झाला. या गाडीत पहिल्या ५०० किलोमीटरला काढलेल्या तेलात बारीक चकाकी होती, ती नव्या रिंगांची आणि अपेक्षितच. त्यानंतरचं तेल साफ निघालं आणि धूर आजही नाही.

क्लचच्या बाजूचं कव्हर उघडलं की क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) टोकाला तीन स्क्रूंचं गोल झाकण दिसतं. तो सेंट्रिफ्यूगल फिल्टर. तेलातली घाण फिरता फिरता बाहेर फेकली जाऊन त्याच्या भिंतीला चिकटते. जुन्या गाडीत तिथे काळ्या लुकणासारखा थर निघतो, कधी अर्धं भांडं भरलेलं असतं. बाहेरून तेल कितीही बदला, हा थर जागचा हलत नाही. लाकडी काडीने खरवडून डिझेलने धुवा आणि त्याच वेळी खालची तेलाची जाळीही काढून धुवा. कव्हरचे स्क्रू जाम असतात. साधा स्क्रू ड्रायव्हर घसरून डोकं गोल होतं, म्हणून हातोडीवर चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हरच वापरा.

हेड बसवताना वॉल्व पेस्टने घासा, मग पोर्टमध्ये पेट्रोल ओतून बघा. पाच मिनिटांत कडेने थेंबही झिरपायला नको. मॅग्नेटवरची (क्रँकसोबत फिरून वीज बनवणारं चाक) ‘टी’ खूण केसच्या खाचेशी आणि कॅमच्या (वॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) चक्रावरची गोल खूण हेडच्या खाचेशी जुळली की टायमिंग बरोबर. ज्या स्टडमधून तेलाची वाट आहे तिथला तांब्याचा वॉशर नवा टाका, नाहीतर तिथून हमखास तेल गळतं. नट कर्णात, टप्प्याटप्प्याने आवळा. टॅपेटची, म्हणजे वॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या स्क्रूमधली, फट थंड इंजिनवर ०.०५ मिमी. आवाज बंद करायचा म्हणून ते याहून घट्ट करू नका, वॉल्व पूर्ण बसत नाही आणि जळतो.

टायमिंग चेन बदलताना रबरी रोलरही बदला. चेन मूळ कंपनीची घेतली, ती आजही गप्प आहे. रोलर मात्र स्वस्तातले बाजारू बसवले होते. ते उन्हाळ्यातच कडक झाले, बारीक करकर सुरू झाली आणि पावसाळ्याआधी पुन्हा बदलावे लागले. इंजिनाच्या आत जाणारं रबर कधीच स्वस्त घेऊ नये, कारण ते बदलायला पुन्हा सगळं खोलावं लागतं. तेल ९०० मिलीच्या आसपास लागतं, तेल मोजायच्या दांडीवरच्या वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. ते दुचाकीचंच हवं. या गाडीचा क्लच तेलात बुडून चालतो, चारचाकीच्या तेलाने तो घसरतो.

आता मातीबद्दल. ‘मॉडिफाय’ करताना पोरं स्प्लेंडरचं पूर्ण बंद चेन कव्हर सर्वात आधी काढून फेकतात. आपल्या भागात हा सर्वात महाग पडणारा फॅशनचा प्रकार आहे. काळी माती चेनच्या तेलात मिसळली की तिची पेस्ट होते आणि चेन व दोन्ही चक्रं झपाट्याने खाते. इथे पत्र्याचं कव्हर ठोकून सरळ करून, जोडावर नवं रबर लावून परत बसवलं. पेरणीपासून पोळ्यापर्यंत चेन एकदाच ताणावी लागली. चेनला मधोमध २५ मिमीच्या आसपास ढील ठेवा, आणि ती गाडी मेन स्टँडवर उभी करून तपासा. बॅग लादल्यावर चेन ताणली जाते.

स्पंजच्या एअर फिल्टरबद्दलही तेच. मळणीच्या दिवसांत थ्रेशरजवळ गाडी उभी राहते, तो बारीक भुसा स्पंजवर बसतो. रॉकेलमध्ये धुवा, पिळू नका, दाबून काढा. वाळल्यावर गिअर ऑइलमध्ये भिजवून जादाचं तेल दाबून टाका. कोरडा स्पंज धूळ अडवत नाही. मळणीत पंधरा दिवसांतून एकदा, एरवी दोन महिन्यांतून एकदा पुरतं. कार्बोरेटर आणि फिल्टरच्या डब्यामधला रबरी पाइप चिरलेला असेल तर ही सगळी मेहनत वाया जाते, म्हणून तो आधी बघा.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि १९९० च्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. पेट्रोल पाइप, कार्बोरेटरच्या वाटीचं पॅकिंग आणि फ्लोटची सुई तिन्ही इथेनॉलला चालणारे नवे टाकले. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. झडीच्या दिवसांत गाडी आठवडाभर उभी असेल तर टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो, त्यामुळे पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. गंज आधीच असेल तर व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून हलवा, रात्रभर ठेवा, धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा आणि लगेच गरम हवेने वाळवा. वाळवणं लांबलं तर तासाभरात पुन्हा तांबूस थर येतो. या पेट्रोलवर हवा-पेट्रोलचं मिश्रण किंचित पातळ होतं. ट्युनिंगनंतर प्लग फिक्का पांढरा न दिसता तपकिरी दिसायला हवा. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी. अ‍ॅव्हरेज सध्या लिटरला साठीच्या आसपास आहे, ओझं असलं की कमी.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट पाळा: जुन्या हार्नेसला (गाडीच्या वायरींचा पूर्ण जुडगा) जोड देत बसू नका. गोठ्याजवळ उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात आणि उन्हाने वरचं आवरण फुटतं. पूर्ण नवा हार्नेस बसवला की दोष शोधण्याचे दिवस वाचतात. हेडलाइट मॅग्नेटवर चालतो, ३५/३५ वॅटचाच बल्ब टाका. जास्त वॅटचा टाकला तर उजेड वाढत नाही, कमी रेसवर उलट पिवळा पडतो. बल्ब वारंवार उडत असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा डबा) बदला.

चाकांना दोन्ही बाजूंनी सील असलेलं बेअरिंग घेतलं, ते ठीक आहे. ब्रेक ड्रममध्ये नाल्यातलं पाणी आणि माती शिरतेच, तेव्हा महिन्यातून एकदा चाक काढून पुसा. शॉकअपच्या नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिनाभरही टिकत नाही. नळीच बदला किंवा घासून पॉलिश करून घ्या.

रंगाबद्दल थोडंच. चेसिसला पावडर कोटिंग घेतलं, खाली चिखल लागूनही कुठे फुगलं नाही. टाकीचा साधा रंग मात्र पेट्रोल सांडतं तिथे झाकणाभोवती फिका पडला. कोटिंगला देताना चेसिस नंबरवर टेप लावायला सांगा आणि तिथे ग्राइंडर फिरवू देऊ नका. पंधरा वर्षांनंतर फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत त्या नंबराचा ठसा घेतात आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नंबर रंगाखाली बुजला असेल तर पास होणं अडतं. रंग मूळचा सोडून दुसरा दिला असेल तर तो आरसी बुकावर चढवून घ्या. हे कागद गाडी खोलण्याच्या आधी तपासा. कागद नसलेल्या चेसिसवर एक रुपयाही लावू नका.