रात्रभर सुकायला ठेवलेले आटे

गाडीच्या इंजिनात गेले ४६,५५० रुपये. आकडा आधीच सांगतो, बायको तो रोज जेवताना ऐकवतेच.

दिवाळीनंतर कोल्हापूरहून बेळगावला परतताना कूलंटचा होज (रबरी नळी) फुटला आणि गाडी तापली. टोवाल्यानं सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका गॅरेजात नेऊन सोडली. त्याचं कमिशन असतं हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. पण अंधार पडायला आला होता, गाडीत आई होती.

इंजिनचं हेड (ब्लॉकवरचं झाकण) उघडलं तेव्हा तीन बोल्टांना अल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आलेली मी स्वतः पाहिली. अल्युमिनियमचा ब्लॉक सडकून तापला की बोल्ट सोडताना आटे असे उपटून येतात, त्यात खोटं काही नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला, "सात भोकांचे आटे गेलेत ओ काका. ब्लॉक बदलायचा तर साठ हजार. हेलिकॉइल टाकून नवे आटे करून देतो की." मी तीन बघितले आणि सात मान्य केले. साठची भीती घातली की सत्तावीस स्वस्त वाटतात.

बिल असं: हेलिकॉइल सात नग ६,३००, नवे हेड बोल्ट २,६००, गॅस्केट २,९००, हेड फेसिंग (हेडची बाजू घासून सपाट करणं) १,८००, ऑइल-कूलंट ३,७००, मजुरी ८,५००, टोइंग १,६००. एकूण २७,४००. कागद वहीतून फाडलेला, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मिळत नसेल तर एक पैसा देऊ नका.

आता ते, जे आठवलं की अजून कानशिलं तापतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर पोराच्या नखांत करडं काहीतरी भरलेलं, हवेत उग्र वास. "आता हेड बसवणार ना?" विचारलं. "आज नको ओ काका, रात्रभर सुकू दे."

सुकू दे! हेलिकॉइल म्हणजे स्टीलच्या तारेची स्प्रिंग. भोक मोठं करायचं, तिच्याच मापाच्या टॅपनं आटे पाडायचे, स्प्रिंग फिरवत आत बसवायची, टोकाची आडवी दांडी मोडून काढायची. लगेच बोल्ट आवळता येतो. त्यात ओलं काय असतं सुकायला? आणि मी कोण, तर तीस वर्षं उद्यमबागेत फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये काढलेला माणूस. आटा आणि लापी (भोकं बुजवायची पुट्टी) यांतला फरक मला कळत नाही होय? कळतो. पण तीन दिवस एसटीनं ये-जा करून जीव मेटाकुटीला आलेला, आणि तो "काका काका" करत चहा पुढं करत होता. चहा घेतला, गप्प बसलो.

नवव्या दिवशी तवंदी घाटात मागून पांढरा धूर. कूलंट सिलिंडरमध्ये.

या वेळी गाडी थेट उद्यमबागेतल्या ओळखीच्या मशीनवाल्याकडे. त्यानं माझ्यासमोर उघडली. तीन भोकांतून करडी लापी बुचासारखी बोल्टाबरोबर बाहेर आली, तिच्यावर आट्यांचा सुबक ठसा. बाकीच्या चार भोकांना कुणी हातही लावलेला नव्हता, कंपनीचे आटे जसेच्या तसे. 'नवे' बोल्ट म्हणजे तारेच्या ब्रशनं घासलेले जुनेच. ठरावीक जोर (टॉर्क) देऊन वर आणखी काही अंश फिरवायचे हे बोल्ट ताणले जातात, एकदाच वापरायचे असतात. त्यानं प्रत्येकी ४५० रुपयांत तीन हेलिकॉइल बसवले आणि मोडलेल्या तीन दांड्या माझ्या तळहातावर ठेवल्या. सात कॉइलचे पैसे घेतले तर सात दांड्या मागा. जुने बोल्टही मागा. हा दुसरा खर्च टोइंग, बोल्ट, गॅस्केट, फेसिंग, मजुरी सगळं धरून १९,१५०. दोन्ही मिळून ते ४६,५५०.

मग तक्रार. तिकडचे पोलीस म्हणाले, गाडी केए-२२, तुम्ही कर्नाटकातले, तिकडं जावा. इकडचे म्हणाले, गॅरेज महाराष्ट्रात, आमची हद्द नव्हे. परत तिकडं गेलो तर "हे दिवाणी प्रकरण आहे." परत इकडं, तर चार वेळा "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या. कन्नड मला उत्तम येतं, अर्ज कन्नडमध्येच लिहून नेला होता, त्यामुळे भाषेचं निमित्त कुणाला मिळालं नाही. एकानं तर विचारलं, "एवढं कळतं तर तिथं गप्प का बसलात?" लापी, बोल्ट आणि बिल पिशवीत घेऊन गेलो होतो, पिशवी उघडून बघायची तसदी एकानंही घेतली नाही. दोन राज्यांचा सीमावाद २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यात माझं इंजिनही जोडून टाका म्हणालो. कुणी हसलं नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण गॅरेजवाला उत्तरच देत नाही. शेवटी वकील भाच्यानं सांगितलं: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, गॅरेज कुठल्याही राज्यात असो. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. हद्द-हद्द करत मला पळवणाऱ्यांपैकी एकाला तरी हे सांगायला काय झालं होतं? अर्ज दिलाय. लापीचे तुकडे चिवड्याच्या डब्यात जपून ठेवलेत.

गेल्या रविवारी त्याच गॅरेजवरून जाणं झालं. दारात गोव्याची गाडी, बॉनेट उघडं, गाडीचा मालक प्लास्टिकच्या खुर्चीत चहा पितोय. बायको नको नको म्हणत असताना गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि त्याच्या कानात एवढंच सांगितलं: सुकायला ठेवतो म्हणाले तर गाडी उचला.