डांग्या खोकल्याची लस: पैसे कोणत्या मात्रेवर खर्च करावेत?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांत बाळाच्या लसीचा विषय निघाला की दोन पर्याय समोर येतात: उपकेंद्रात मोफत मिळणारे ‘दुखणारे’ इंजेक्शन आणि चिपळूण किंवा कुडाळच्या खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यायचे ‘न दुखणारे’ इंजेक्शन. ताप आणि रडणे हा तुलनेचा एक भाग झाला. डांग्या खोकल्यापुरते बोलायचे, तर दोन्ही लसींचे संरक्षण वाढत्या वयाबरोबर कसे ओसरते हे पाहिल्याशिवाय निवड नीट होत नाही.

सरकारी पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) आणि डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वातावरची लस) या लसींत डांग्या खोकल्याचा मारलेला संपूर्ण जिवाणू असतो, म्हणून एक-दोन दिवस ताप, सूज आणि चिडचिड जास्त होते. न दुखणाऱ्या लसीत त्या जिवाणूची निवडक, शुद्ध केलेली प्रथिने असतात आणि त्रास कमी होतो. सुरुवातीला दोन्ही लसी चांगले रक्षण करतात. फरक पुढे पडतो. अमेरिकेने १९९०च्या दशकात प्रथिनांची लस स्वीकारली. तेथील आकड्यांनुसार पाचव्या मात्रेनंतरच्या वर्षात सुमारे ९८ टक्के असलेले संरक्षण पाच वर्षांनी सुमारे ७१ टक्क्यांवर येते, आणि २०१२ साली त्या देशात ४८ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. संपूर्ण जिवाणूची लस वापरणाऱ्या देशांनी बाळाच्या पहिल्या मात्रांसाठी तीच चालू ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, त्यामागे हेच कारण आहे. माझ्या मते, केवळ ताप टाळण्यासाठी मोफत लस सोडू नये.

अर्थात तिचेही संरक्षण आयुष्यभर पुरत नाही. प्रत्यक्ष डांग्या खोकला होऊन गेला तरी पुरत नाही. ६, १० आणि १४ आठवडे, मग १६ ते २४ महिने आणि शेवटी ५-६ वर्षे, असे सरकारी वेळापत्रक आहे. पाचव्या वर्षीची मात्रा मूल शाळेत जाऊ लागल्यावर राहून जाते. ती चुकवू नये, कारण वयाची ७ वर्षे उलटल्यावर डीपीटी देत नाहीत. १० आणि १६ व्या वर्षी मिळणाऱ्या टीडी या धनुर्वात-घटसर्पाच्या लसीत डांग्या खोकल्याचा घटकच नसतो. म्हणजे तरुण काका, आत्या, आजोबा यांचे संरक्षण बहुधा संपलेले असते, आणि त्यांच्यात हा आजार नुसता लांबलेला खोकला म्हणून दिसतो.

धोका आहे तो पहिली मात्राही न मिळालेल्या, दीड महिन्याच्या आतील बाळाला. इतक्या लहान बाळाला पुष्कळदा खोकल्याची ती ओळखीची ढास येतच नाही. त्याचा श्वास थांबतो, ते निळे पडते. बाळंतपणासाठी मुलगी माहेरी आलेली असावी आणि गणपतीला मुंबईहून चाकरमानी येऊन घर भरून जावे, हे आपल्याकडे नेहमीचेच आहे. अशा घरात प्रत्येकाला लस टोचण्यापेक्षा आईला गरोदरपणात टीडॅप ही डांग्या खोकल्याचा घटक असलेली मोठ्यांची लस देणे अधिक उपयोगाचे, कारण तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात. अमेरिकेतील आकड्यांप्रमाणे त्यामुळे दोन महिन्यांखालील बाळांमधील सुमारे ७८ टक्के आजार टळतो.

गरोदरपणात मोफत मिळणारी टीडी धनुर्वात आणि घटसर्पापासून रक्षण करते. टीडॅप या दोन्हींबरोबर डांग्या खोकल्यापासूनही करते, पण ती बहुतेक ठिकाणी विकत घ्यावी लागते. घरात एकाच लसीपुरते पैसे असतील, तर ते बाळाच्या न दुखणाऱ्या इंजेक्शनाऐवजी इथे खर्च करावेत, असे मी ठामपणे म्हणेन. मोठ्यांमधील टीडॅपचे संरक्षण पहिल्या वर्षी सुमारे ७० टक्के असते आणि चार वर्षांत ३० ते ४० टक्क्यांवर उतरते, म्हणूनच ती प्रत्येक गरोदरपणात नव्याने, २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घ्यायची असते. टीडीची एक मात्रा आधी झालेली असल्यास दुसरीच्या जागी टीडॅप चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे, आणि माहेरी निघण्यापूर्वी ती तिकडच्या तालुक्याच्या ठिकाणी मिळते की नाही याची चौकशी करून ठेवावी.