कॉलेजच्या क्लबांचं दीड वर्ष: पैसे वसूल झाले का?

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आलो, तेव्हा वर्गातले कंपू केव्हाच ठरून गेले होते. त्यात घर ठाण्याला आणि कॉलेज नवी मुंबईत. संध्याकाळी ऐरोलीला ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये जी झुंड चढते, तिच्या धास्तीने मी शेवटचं लेक्चर संपलं रे संपलं की स्टेशन गाठायचो. ओळखी व्हाव्यात म्हणून पहिल्याच महिन्यात दोन क्लबांचे पैसे भरले. आता पाचवं सेम संपत आलंय, म्हणून हिशोब मांडतोय.

पहिला क्लब मोठ्या नावाचा. फी ४०० रुपये. दीपप्रज्वलन झालं, बॅज मिळाला, लॅपटॉपवर लावायला स्टिकर मिळाला. मला वाटलं, मी आता थेट त्या आंतरराष्ट्रीय संस्थेचाच मेंबर. तसं नव्हतं, आणि विचारलं नाही ही चूक माझीच. फॉर्म भरण्याआधी एवढं विचारून घ्या: पैसे कॉलेजच्या चॅप्टरचे, म्हणजे शाखेचे, की मूळ संस्थेचे? उदाहरणार्थ, एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्टुडंट चॅप्टरमध्ये आलात म्हणून आपोआप एसीएमचे मेंबर होत नाही; ती मेंबरशिप वेगळी घ्यावी लागते.

चौथ्या सेमला कोअर कमिटीत घेतलं, कारण मला मराठी-हिंदी दोन्ही बरं बोलता येतं. काम काय, तर फेस्टसाठी वाशीतल्या दुकानांत आणि क्लासेसमध्ये स्पॉन्सरशिप मागत फिरणं. अख्ख्या सेममध्ये मी सगळ्यात जास्त उघडलेलं सॉफ्टवेअर म्हणजे पोस्टर बनवायचं कॅनव्हा. माणसांशी बोलायची भीड चेपली, हे खरं. पण ते तर मामांच्या दुकानात बसूनही जमलं असतं, वर चहा मिळाला असता.

दुसरा क्लब अगदीच साधा. १०० रुपये, ना बॅज ना उद्घाटन. दर गुरुवारी साडेचार ते साडेसहा, तिसऱ्या मजल्यावरची लॅब. इथे आयसीपीसीची, म्हणजे कॉलेजांच्या टीमच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेची तयारी चालते. त्या स्पर्धेत तिघांची टीम, पाच तास आणि कॉम्प्युटर एकच. चुकीचं उत्तर सबमिट केलं आणि तो प्रॉब्लेम नंतर सुटला, तर प्रत्येक चुकीमागे २० मिनिटांचा दंड. कीबोर्ड एक म्हटल्यावर दोघांना कागदावरच विचार करावा लागतो. मी आधी कोड लिहून, रन करून, मग कुठे चुकलं ते बघणारा. एका सीनियर ताईने पहिल्याच गुरुवारी मला खुर्चीवरून उठवलं. "तुझं डोकं चालतंय की नुसती बोटं?" एवढंच म्हणाली आणि हातात पेन दिलं. राग आला होता. पण लॅबच्या व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर डायक्स्ट्रा (सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची पद्धत) कागदावर सोडवताना हात थरथरला नाही, तो त्या पेनामुळेच.

आणि खरी गोष्ट पोस्टरवर कुणी छापत नाही. आमच्याकडे साडेचारला लॅबला कुलूप लागतं. चावी कोऑर्डिनेटर मॅडमच्या सहीशिवाय मिळत नाही, आणि ती सही फक्त या क्लबकडे आहे. घरी एक खोली, त्यात आजीच्या मालिका. मला तर त्या दोन तासांच्या शांततेचेच १०० रुपये स्वस्त वाटले.

बाकीच्या फुकटच्या गोष्टी थोडक्यात. एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स फुकट, परीक्षेचे १००० रुपये. बारा आठवड्यांच्या कोर्सला उत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरतात, पण असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० हे दोन्ही लागतं. माझी असाइनमेंट भारी, परीक्षेला २७. सर्टिफिकेट गेलं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ, मराठीतही आहेत. माझ्यासारख्या मराठी मीडियमवाल्याला लिनक्सच्या कमांड तिथेच उमगल्या, वर्गात नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा स्टुडंट पॅक (विद्यार्थ्यांना फुकट मिळणारी सॉफ्टवेअर) घ्याच, फक्त आमच्या आयकार्डावर वर्षच छापलेलं नाही, त्यामुळे ऑफिसातून बोनाफाइड काढावं लागलं. त्याला तीन फेऱ्या.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या सरकारी प्रोजेक्ट स्पर्धेबद्दल मात्र जरा जास्त बोलतो. टीम सहा जणांची, त्यात किमान एक मुलगी हवीच, आणि आधी कॉलेजची अंतर्गत फेरी. आमच्या पाच पोरांना हा नियम शेवटच्या दिवशी आठवला. वर्गातल्या एकीला विचारायला गेलो तर ती म्हणाली, "नाव हवंय की मी हवीय?" आम्ही गप्प. ती दुसऱ्या टीममध्ये गेली, तिथे बॅकएंड, म्हणजे सर्व्हरकडचा कोड, तिनेच लिहिला, आणि ती टीम अंतर्गत फेरीतून पुढे गेली. आमचा फॉर्म गेलाच नाही. आता गुरुवारच्या टीममध्ये तिसरी तीच आहे. मी स्वतः जाऊन विचारलं, या वेळी तिचं सेगमेंट ट्री (अशा स्पर्धांत लागणारी डेटाची रचना) माझ्यापेक्षा पक्कं आहे म्हणून.

यंदा मोठ्या क्लबची फी भरली नाही. दुसऱ्याची भरली, आणि चावीच्या रजिस्टरवर आता सही माझी असते. साडेसहाला कुलूप लावून चावी शिपाई काकांकडे द्यायची. पाच मिनिटं उशीर झाला की काका जिन्यातूनच हाक मारतात, कारण त्यांनाही ठाण्याची गाडी पकडायची असते.